धुराचा रकाना

जानेवारी 2024 मध्ये आमच्या ह्यांना हृदयाचा झटका आला. दवाखान्यात एकामागून एक तिघांनी तेच प्रश्न विचारले. विडी-सिगारेट? नाही. तंबाखू? जेवणानंतर एक विडा, तोही बिनतंबाखूचा. दारू? ह्यांनी उत्तर न देता नुसतं माझ्याकडे पाहिलं. साखर? काठावर. घरात कोणाला हृदयाचं दुखणं? इथे मी मध्ये बोलले, म्हटलं, माझ्या सासूबाई त्यानेच गेल्या. लिहून घेणाऱ्या मुलाचा चेहरा एकदम उजळला. आनुवंशिक, असं त्याने लिहिलं आणि कागद पुढे सरकला.

ज्या स्वयंपाकघरात आई आणि मुलगा दोघांनी वर्षानुवर्षं धूर गिळला, ते मात्र त्या कागदावर कुठेच आलं नाही.

मी मूळची मिरजेची. 1979 साली लग्न होऊन पापनाशमला आले. तंजावरहून कुंभकोणमला जाताना वाटेत लागतं ते हे पापनाशम. कमल हासनच्या सिनेमातलं, म्हणजे ‘दृश्यम’च्या तमिळ अवतारातलं पापनाशम तिकडे तिरुनेलवेलीकडचं, धबधब्याचं. आमच्याकडे धबधबा नाही. भातशेती आहे, कुडमुरुट्टी नदी आहे आणि 108 शिवलिंगांचं देऊळ आहे. लंकेहून परतताना रामाने दोष फेडायला इथे लिंगं स्थापली, अशी कथा सांगतात. सासरची माणसं एकोजीराजांच्या मागे आलेल्यांच्या वंशातली. त्यांची मराठी मला पहिलं वर्षभर नीट कळत नव्हती आणि माझी त्यांना नाटकातल्यासारखी वाटायची. मी घरी दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेच्या परीक्षांच्या शिकवण्या घेत आले. प्राथमिक, मध्यमा, राष्ट्रभाषा. त्यामुळे अख्खा गाव मला ‘हिंदी मामी’ म्हणतो.

हे सांगायचं कारण असं, की मिरजेची माणसं फोनवर मला हमखास म्हणतात, “तुमचं बरं आहे बाई, हिरवंगार, स्वच्छ हवा.” मीही चाळीस वर्षं हेच म्हणत होते.

आमच्या गल्लीच्या टोकाला उकड्या तांदळाची गिरणी आहे. तिच्या भट्टीत भाताचं तूसच जाळतात. इथे त्याला उमी म्हणतात. पहाटे दारात काढलेल्या कोलमवर, म्हणजे रांगोळीवर, दुपारपर्यंत काळी राख भुरभुरलेली असते आणि गावातल्या बायका तिच्याबद्दल पावसाबद्दल बोलावं तसं बोलतात: आज जरा जास्त पडली, आज वारा तिकडचा होता. कापणीच्या दिवसांत भात खरेदी केंद्रावर धान्य वारवतात, त्याचा भुसा रस्त्यावर येतो. बहुतेक घरांत स्वयंपाकाला गॅस आहे. तामिळनाडूत 2007 पासून गरीब घरांना सरकारने शेगड्या फुकट वाटल्या, उज्ज्वला योजनेच्या नऊ वर्षं आधी. पण अंघोळीचं पाणी अजून परसातल्या चुलीवर, नारळाच्या झावळ्या आणि करवंट्या घालून तापतं. मिरजेला आमचा तांब्याचा बंब होता, तसंच. घसा खवखवला की आम्ही बंबाला दोष देत नसू, दह्याला देत असू. संध्याकाळी डासांसाठी कॉइल. त्यावर 2003 साली झालेला एक अभ्यास मला मुलाने दाखवला. एक कॉइल जळताना जितके बारीक कण सोडते, तितके 75 ते 137 सिगारेटींतून निघतात. ज्या माणसाने आयुष्यात सिगारेट ओढली नाही, त्याच्या उशाशी मी रोज रात्री ती पेटवत होते.

आणि भोगी. महाराष्ट्रात भोगी म्हणजे बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी. इथे भोगी म्हणजे पोंगलच्या आदल्या पहाटे दारापुढे जुनं सगळं जाळायचं. पूर्वी जुन्या चटया, केरसुण्या, टोपल्या जळायच्या. आता टायर आणि प्लॅस्टिक जळतं. गोष्ट नीट जमावी म्हणून ह्यांचा झटका भोगीच्याच दिवशी आला असं लिहायचा मोह होतोय. पण तो आला चार दिवस आधी, 10 तारखेला, अगदी साध्या बुधवारी.

मार्गळी महिना चालू होता. आपला मार्गशीर्ष साधारण त्याच सुमाराचा. या महिन्यात पहाटे उठणं इथे पुण्याचं मानतात. देवळाचे कर्णे, ओल्या अंगणात बायका, नदीकडून आलेलं धुकं. ह्यांचा रोजचा नेम साडेपाचला निघायचं, गिरणीवरून मोठ्या रस्त्याला लागायचं, बसस्टँडपर्यंत चालायचं, तिथे पितळी बॉयलरच्या टपरीवर कापी, म्हणजे कॉफी, घ्यायची आणि परत. डॉक्टरांनीच चालायला सांगितलं होतं. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली अडकते आणि रात्रभराचा धूर तिच्याबरोबर खालीच दबून राहतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आपण ज्याला धुकं म्हणतो त्यात निम्मा आपलाच धूर असू शकतो.

त्या बुधवारी टपरीवाल्याने ह्यांना बाकावर बसवलं, रिक्षा बोलावली. प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘इदयम काप्पोम’ योजनेच्या गोळ्या एकदम दिल्या, मोजून 14, आणि 108 च्या गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. ही योजना जून 2023 मध्ये सुरू झाली. सात महिने आधी झटका आला असता तर त्या गोळ्या तिथे नसत्या. तामिळनाडूच्या सरकारी आरोग्यव्यवस्थेला मी नावं ठेवणार नाही. तिच्यामुळेच आज कापीत साखर जास्त हवी म्हणून भांडायला माणूस घरात आहे.

झटका धुरामुळेच आला असं मी म्हणत नाही. एका माणसाच्या झटक्याचं कारण असं बोट दाखवून कोणालाच सांगता येत नाही. वय 74, साखर काठावर, आईचा इतिहास, सगळं खरं आहे. जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या रुग्णांचा एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. झटक्यातून वाचलेल्यांना विचारलं होतं, त्याआधीच्या तासांत तुम्ही कुठे होता? रहदारीत असलेल्यांना पुढच्या तासाभरात झटका येण्याचा धोका जवळजवळ तिप्पट निघाला. मोटारीत बसलेल्यांना, बसमधल्यांना, सायकलवरच्यांनाही. यात धुराचा वाटा किती, गोंगाटाचा किती, घाईचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. पण निदान त्यांना कोणीतरी विचारलं तरी, कुठे होता म्हणून.

आता सासूबाई. त्यांना सगळे अम्मा म्हणायचे, मीही.

अम्मांनी वयाच्या पंधराव्या वर्षी चूल हातात घेतली ती शेवटच्या दिवसापर्यंत. स्वयंपाकघर आतल्या बाजूला होतं, वर एक लहानसा झरोका. छत इतकं काळं होतं की पांढरा रंग दिला तरी महिन्याभरात आतून पुन्हा काळं उमटायचं. 1986 मध्ये आम्ही गॅस घेतला. अम्मांनी त्यावर दूध आणि कापीचं पाणी, एवढंच चढू दिलं. भात काशाच्या हंड्यात, लाकडावरच. गॅसवरच्या भाताला चव नसते म्हणायच्या, आणि खरं सांगू, नसतेच. त्या खोकायच्या. सकाळी जास्त. घरातल्यांना त्या खोकल्याची इतकी सवय होती की अम्मा उठल्या हे आम्हाला त्यावरूनच कळायचं. वैद्य झाले, काढे झाले, खोकल्याच्या बाटल्या झाल्या, एकदा तंजावरला छातीचा फोटोसुद्धा काढून आणला. क्षय नाही, म्हणून सगळे निश्चिंत झाले. त्यांचा रक्तदाब कोणी कधी मोजला का, हे मी आठवून पाहिलं. मला तरी तसा एकही दिवस आठवत नाही.

1991 ची दिवाळी चार दिवसांवर होती. अम्मा मुरुक्कू तळत होत्या. मध्येच खाली बसल्या. पाठीत दोन्ही खांद्यांच्या मध्ये दुखतंय म्हणाल्या, घाम आला होता. चुलीपुढे घाम येणारच. मी त्यांना ओवा चावायला दिला आणि झारा स्वतःच्या हातात घेतला. घाणा संपायच्या आत त्या गेल्या होत्या. वय 65.

पुढे कित्येक वर्षं घरात एक वाक्य ऐकू यायचं: “भीती छातीची होती, गेली मात्र हृदयाने.” जणू काही दुसऱ्याच दारातून चोर आला. दार तेच होतं, हे कळायला मला 33 वर्षं लागली.

जे मी वाचलं आणि मला समजलं ते असं. डोळ्यांना दिसणारी राख, भुसा, रस्त्याची धूळ यातलं बरंचसं नाक आणि घसा अडवतात. खरा उपद्रव न दिसणाऱ्या कणांचा. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीचा तिसावा भाग. ते फुफ्फुसाच्या अगदी टोकाच्या फुग्यांपर्यंत जातात. तिथे शरीर त्यांच्याशी झुंजायला लागतं, सूज येते, आणि ती सूज फुफ्फुसात थांबत नाही, रक्तातून अंगभर फिरते. सगळ्यात बारीक कण तर स्वतःच रक्तात उतरतात. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं, वाहिन्या आखडतात, दाब वाढतो, चरबीचे थर साचतात, रक्त गोठायला टेकतं. तरुण शरीर हे पुष्कळ निभावून नेतं. म्हातारपणी वाहिन्या आधीच ताठरलेल्या असतात, त्यांना एवढंसं निमित्त पुरतं. हैदराबादजवळच्या खेड्यांत संशोधकांनी लोकांच्या मानेतल्या रक्तवाहिन्यांची जाडी मोजली. ती वाढलेली दिसण्याचा संबंध हवेतल्या या कणांशी लागला. हे हैदराबाद शहर नव्हे, आसपासची खेडी.

जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 चा हिशेब आहे. बाहेरच्या दूषित हवेने जे अकाली मेले, त्यांतले 68 टक्के हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने आणि पक्षाघाताने गेले. दम्यासारख्या जुनाट श्वसनरोगाने 14 टक्के, न्यूमोनियासारख्या संसर्गाने 14, फुफ्फुसाच्या कर्करोगाने 4. मी हा आकडा तीनदा वाचला. आपण धुराचं नाव काढलं की रुमाल नाकाला लावतो आणि खोकल्याची बाटली शोधतो. मरणारे दोन तृतीयांश भलत्याच ठिकाणी मरत असतात.

माझी भाची मिरज तालुक्यात आशा सेविका आहे. दर रविवारी तिचा फोन येतो. मी तिच्यापुढे हेच गाऱ्हाणं गायले, की दवाखान्यात धुराचं कोणी विचारतच नाही. ती म्हणाली, “मावशी, आमच्याकडे तर विचारतात की! सीबॅकमध्ये आहे.” सीबॅक म्हणजे तिशीपुढच्या प्रत्येक माणसाचा आशाने भरायचा फॉर्म. तिने त्याचा फोटो पाठवला. खरंच आहे. स्वयंपाकाचं इंधन कोणतं: लाकूड, पिकांचा पाला, शेणी, कोळसा, रॉकेल, गॅस. पुढे, कामाच्या जागी धूर आहे का: शेतातले अवशेष जाळणं, कचरा-पाने जाळणं, वीटभट्टीसारखी कामं. मला इतकं बरं वाटलं. मग मी फोटो मोठा करून वरचं शीर्षक वाचलं. हा सगळा भाग जुनाट श्वसनरोगाखाली घातलेला आहे.

रक्तदाब, मधुमेह आणि हृदयासाठी त्याच फॉर्ममध्ये वेगळा तक्ता आहे, गुणांचा. वयाला गुण, तंबाखूला गुण, दारूला, कमरेच्या घेराला, बसून राहण्याला, घरातल्या आजाराला. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाची तपासणी आधी. धुराला त्यात शून्य. अम्मा आज असत्या आणि भाची त्यांच्या दारात गेली असती, तर पन्नास वर्षांच्या चुलीची नोंद नीट झाली असती. फक्त चुकीच्या अवयवाखाली.

माझं म्हणणं एवढंच आहे: हा रकाना हलवा. नवा प्रश्न नको, नवी योजना नको, नवीन ॲप तर नकोच. जो प्रश्न आशा आजही विचारते, त्याच्या उत्तराला हृदयाच्या तक्त्यात गुण द्या. आणि डॉक्टरांच्या कागदावर ‘तंबाखू’ लिहिलेलं असतं त्याच्या शेजारी ‘धूर’ लिहा. चुलीचा, बंबाचा, गिरणीचा, कॉइलचा, कुठलाही.

भाचीला हे फारसं पटलं नाही. “माझ्याकडे आधीच किती रजिस्टरं आहेत तुला माहितेय का? आणि गुण मिळाले तर पुढे काय? मी गॅस थोडीच देणार आहे?” तिचं पहिलं म्हणणं रास्त आहे, आणि ज्यांनी हे फॉर्म काढले त्यांनी आठवडाभर तिच्याबरोबर फिरून यावं. दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे आहे. चुलीपुढे बसणारी, तंबाखू न खाणारी, काडीसारखी सडपातळ बाई या तक्त्यात सगळ्यात निर्धोक दिसते. कमर बारीक, हालचाल भरपूर, व्यसन नाही. तिचा दाब मोजायचा नंबर शेवटी लागतो. गुण मिळाले तर तिला लवकर बोलावतील आणि तिने खांदा दुखतो म्हटल्यावर ओवा देणार नाहीत.

नुसता गॅस देऊन भागत नाही, हेही खरं. आमच्या जवळच्या नागपट्टिनम जिल्ह्यात आणि विळुप्पुरममध्ये एक मोठी चाचणी झाली, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडाबरोबरच. लाकडावर स्वयंपाक करणाऱ्या गरोदर बायकांपैकी निम्म्यांना गॅस आणि सिलिंडर फुकट दिले. लाकडावरच राहिलेल्या बायका ज्या हवेत श्वास घेत होत्या तिच्यातले बारीक कण घनमीटरला 70 मायक्रोग्रॅमच्या आसपास होते, गॅस मिळालेल्यांच्या हवेतले 24 च्या. तरी बाळांच्या वजनात ठळक फरक पडला नाही. काहींनी यावरून गॅसलाच निकामी ठरवलं. मला त्यात वेगळं दिसतं. घरातली चूल विझली तरी 24 उरतातच, आणि वर्षाच्या सरासरीला जागतिक आरोग्य संघटना 5 च्या वर जाऊ नका म्हणते. आपल्या देशाची मर्यादा 40 आहे. उरलेला धूर गल्लीचा असतो, गावाचा असतो, तो एकट्या बाईला विझवता येत नाही.

आणि गावाचा धूर मोजतं कोण? 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सुमारे 130 शहरं घेतली. तामिळनाडूची चार: चेन्नई, मदुराई, त्रिची, तूतुकुडी. महाराष्ट्राची 19, त्यात सांगली आणि कोल्हापूरही. सांगली यादीत आहे म्हणून माहेरची माणसं खूष असतील, पण पाचट जाळतात ते सांगली शहरात नाही, आसपासच्या फडांत. यादी शहरांची आणि धूर शिवारातला. म्हातारी माणसं तर बहुतेक गावातच उरलीत, मुलं चेन्नईला आणि पुण्याला गेली. आमच्या तिण्णैवर, म्हणजे रस्त्यालगतच्या ओट्यावर, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बसून असतात ती सत्तरीपुढची माणसंच. गिरणीची राख सगळ्यात आधी त्यांच्यावर पडते.

गिरणी बंद करा असं मी म्हणणार नाही. तिच्यावर आमच्या गल्लीतली निम्मी घरं चालतात, आणि मालकाच्या मुलीने माझ्याकडे राष्ट्रभाषाची परीक्षा दिली आहे. पण धुराड्याची उंची, भट्टीची राख अडवायची जाळी, पहाटे भट्टी पेटवायची वेळ, या गोष्टी बोलता येतात. आम्ही चार म्हातारे गेलो होतो. मालकाने कापी दिली आणि राख अडवायची सोय करतो म्हणाला. अजून केलेली नाही.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सर्फोजी महाराजांच्या वेळची नेत्ररोग्यांची टिपणं आहेत, डोळ्यांची रंगीत चित्रं काढून. दोनशे वर्षं झाली. लग्नानंतर सासऱ्यांनी मला ती दाखवायला नेलं होतं, तेव्हा मला त्याचं विशेष वाटलं नव्हतं. आता वाटतं, राजाने काय लिहून ठेवायचं हे आधी ठरवलं, म्हणून दोनशे वर्षांनी ते वाचता येतं. अम्मांच्या चुलीचं तसं काहीच कुठे लिहिलेलं नाही. 1991 चा दाखला काढून पाहिला, त्यावर कारण म्हणून दोन शब्द आहेत.

आमच्याकडे ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ म्हणून योजना आहे, 2021 पासूनची. रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन बाई दर महिन्याला दारात येते. परवा ती आली, ह्यांचा दाब मोजला, 138 आणि 84. मी तिला परसात नेऊन दाखवलं. अंघोळीची चूल आता भिंतीपासून लांब, पत्र्याखाली नेली आहे, उन्हाळ्यात तर ती पेटवतच नाही. कॉइल बंद, मच्छरदाणी लावतो. म्हटलं, हे तुझ्या वहीत लिही. ती हसून म्हणाली, “त्याला जागा नाही, मामी.” मग तिने कापी घेतली आणि शेजारच्या आजींकडे गेली. त्यांच्या चुलीवर तेव्हा भात रटरटत होता.

ह्यांची सकाळची फेरी मात्र मी आठ वाजता नेऊन ठेवली आहे. ऊन वर आलं की खालची हवा मोकळी होते, आणि मोठ्या रस्त्याऐवजी आता नदीच्या बांधावरून जायचं असं ठरलंय. पन्नास वर्षांची सवय जात नाही. पाच वाजता उठून, अंघोळ करून, विभूती लावून, पायात चपला घालून हे साडेपाचपासून ओसरीवर बसलेले असतात, घड्याळाकडे बघत.